कमलाकांतरावांची बॅटरीची गाडी

हां, तर काल पोफळवाडीतले दिवे मंदावले, तिथं आपण थांबलो होतो. संध्याकाळच्या बातम्यांची वेळ. कमलाकांतरावांनी खटका दाबला आणि वाडीतल्या सगळ्या रेडिओंत एकदम भुंगा शिरला. बातम्या देणारा माणूस विहिरीत उतरून बोलतोय असं वाटायला लागलं. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, "कमलाकांतराव, गाडी जेवायला बसली का?" कमलाकांतराव खिडकीत आले, धोतराचा सोगा सावरला आणि शांतपणे म्हणाले, "बसली. सावकाश जेवते ती. सकाळपर्यंत उठायची नाही. बातम्या उद्या पेपरात वाचा."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. मागं गेल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

कमलाकांत धैर्यवान हे गिरगावातले जुने पाठारे प्रभू. फोर्टात एका विमा कंपनीत हेडक्लार्क. आडनाव धैर्यवान, पण ट्रामचा रस्ता ओलांडायचा तर दोन ट्रामा सोडून तिसरीची वाट बघणारे. आजोबांच्या काळात घरची व्हिक्टोरिया होती, दोन घोड्यांची. वडिलांच्या काळात एक घोडा राहिला. कमलाकांतरावांच्या वाट्याला ना घोडा आला ना गाडी. राहिले ते गाडीचे दोन पितळी दिवे, आणि तेही चुलतभावाने, शरच्चंद्राने, सात रस्त्याला आपल्या घरी नेऊन ठेवले. त्यावरून दोघांचं बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती.

दिवे गेले, पण गाडीचं वेड काही गेलं नाही. त्याला कारणही तसंच होतं. लग्न झाल्यावर नव्या नवरीला घेऊन ते भाड्याच्या व्हिक्टोरियातून प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला निघाले, तर वरळी नाक्यावर घोड्याने जे बूड टेकलं ते काही केल्या उचलेना. शालू नेसलेल्या नवरीला उन्हात तासभर उभं राहावं लागलं. तेव्हा हे बोलून गेले, "पुढच्या खेपेला आपल्या स्वतःच्या गाडीतून नेईन." शकूवहिनी हसल्या. हसल्या खऱ्या, पण विसरल्या नाहीत. पंचवीस वर्षांत त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही, आणि कमलाकांतरावांना तेच जास्त लागायचं.

आता मोटार घ्यायची तर नऊ-दहा हजार. यांचा पगार अडीचशे. कागदावर पेन्सिलीने गणित मांडून मांडून पेन्सिल बोटाएवढी झाली होती.

मी तेव्हा परळला एका मिलमध्ये बॅटरीच्या खोलीत कामाला होतो. साताऱ्याकडचा, गावच्या शाळेत सातवी झालेला माणूस. मिलमध्ये कापडाच्या गाठी गोदामात न्यायला बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉल्या होत्या. चार चाकं, वर फळी, फळीखाली बॅटऱ्यांची पेटी आणि पुढं चालवायचा-वळवायचा एकच दांडा. त्यांना पाणी घालायचं, चार्जिंगला लावायचं, काचेच्या नळीने त्यांची तब्येत बघायची, हे माझं काम. एकदा मालकांनी जुन्या ट्रॉल्या भंगारात काढल्या. लिलावाला सगळे लोखंडवाले आले होते आणि त्यांच्यामध्ये काळा कोट, टोपी आणि छत्री घेतलेला हा एक गृहस्थ.

त्यांनी मला विचारलं, "यात पेट्रोल कुठून घालतात?"

म्हटलं, "घालतच नाहीत."

"अजिबात?"

"अजिबात."

"मग ही माझी," ते म्हणाले आणि दोनशे ऐंशी रुपयांना ट्रॉली घेऊन मोकळे झाले. चार्जिंगची कपाटाएवढी पेटी त्यातच आली. बरोबर मीही फुकटात आलो म्हणा ना, कारण दर रविवारी पाणी घालायला मला पोफळवाडीत जावं लागायला लागलं. पण शकूवहिनींच्या हातची कोलंबीची खिचडी खाल्ल्यावर फुकट गेलो असं कोण म्हणेल.

सुताराकडून ट्रॉलीवर पाठीचा बाक बसवून घेतला, मागं माझ्यासारख्याला बसायला फळी, वर ताडपत्रीचं छप्पर. वाडीतल्या बायका तिला 'चाकांवरचा देव्हारा' म्हणायच्या. वेग तासाला आठ मैल. पोट भरलेलं असलं तर बारा मैल जायची, त्यापुढं देवाची मर्जी. आवाज म्हणून नाही. त्यामुळं रस्त्यातली माणसं हलायची नाहीत, गाई तर बघायच्यासुद्धा नाहीत. कमलाकांतरावांनी सायकलची घंटी लावली, पण ती वाजवायला त्यांना संकोच वाटायचा. मग वहिनी शेजारी बसून म्हणायच्या, "बाजूला व्हा हो, बाजूला व्हा."

वहिनींचा धाकटा भाऊ वीरेंद्र माटुंग्याला राहायचा. विलायतेला परत गेलेल्या एका साहेबाची मोटार त्याने घेतली होती. आला की तो गाडीभोवती एक फेरी मारायचा.

"भावोजी, ही चालते कशावर? नवसावर?"

"विजेवर चालते रे. मैलाला एक आणा पडतो. नव्या हिशेबात सहा पैसे." नवे पैसे त्याच वर्षी आले होते आणि कमलाकांतरावांना ते फार आवडले होते, कारण त्यांत मैलाचा खर्च आणखी बारीक काढता यायचा.

"आणि वाटेत वीज संपली तर?"

"तुझं पेट्रोल संपत नाही का वाटेत?"

"संपतं. पण मी डबा घेऊन पंपावर जातो. तुम्ही डबा घेऊन कुठं जाणार?"

कमलाकांतराव चष्मा पुसायला लागले. त्यांचा चष्मा त्या वर्षी फार स्वच्छ असायचा.

गौरीच्या दिवशी मात्र कहर झाला. घरात पंधरा पाहुणे पानावर बसलेले, खाली गाडी चार्जिंगला लावलेली, आणि फ्यूज उडाला. पंधरा माणसं अंधारात वालाचं बिरडं चाचपडत जेवली. एका काकांनी शेजाऱ्याच्या पानातली जिलबी खाल्ली. पाहुणे गेल्यावर वहिनींनी पदर खोचला. मी तिथंच होतो, म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगतो.

"अहो, आता ऐका. दसऱ्याला मला या गाडीतून सिद्धिविनायकाला न्यायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी आणायचं. दोरी बांधायची नाही, कुणी धक्का मारायचा नाही. आली घरी तर राहील गाडी. नाही आली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला."

कमलाकांतराव म्हणाले, "जाऊन येऊन दहा मैल. पोट भरलेलं असलं की बारा जाते. यात अवघड काय आहे?"

अवघड काय होतं ते पुढं मी करून ठेवलं.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरगावातल्या भिंतींवर चुन्याच्या घोषणा नाहीत अशी भिंत सापडायची नाही. अष्टमीच्या दिवशी समितीची पोरं वाडीत आली. सभेची दवंडी द्यायला त्यांना गाडी हवी होती. मोटारीवर कर्णा लावला की इंजिनच्या घरघरीत निम्मं भाषण वाहून जातं. आपली गाडी मुकी, तिच्यावरून बोललेलं तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात ऐकू जातं. कमलाकांतराव कधी मोर्च्यात गेले नव्हते, पण या कामाला त्यांना नाही म्हणवेना. पोरं दिवसभर ठाकूरद्वारापासून खेतवाडीपर्यंत फिरली, कर्ण्याचीही तार त्यांनी गाडीच्या बॅटरीलाच जोडली, आणि संध्याकाळी 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं गर्जत, गाडी ढकलत घरी आली. बॅटरी रिकामी म्हणजे अगदी चाटूनपुसून.

अष्टमीच्या रात्री गाडी चार्जिंगला लावली. पण इतकी रिकामी बॅटरी एका रात्रीत भरत नाही. नवमीला सकाळी नळी लावून बघितलं. आणखी एक रात्र हवीच होती.

आणि ती नवमी म्हणजे खंडेनवमी.

त्या दिवशी हत्यारांची पूजा. मिलमध्ये आम्ही साच्यांना, म्हणजे मागांना, हार घालायचो आणि त्या दिवशी कुणी साच्याला हात लावायचा नाही. वहिनींनी गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, सुताराचा पटाशी-रंधा पुजावा तसं स्टिअरिंगच्या दांड्याला गंध लावलं. संध्याकाळ झाली तसे कमलाकांतराव चार्जिंगची पेटी लावायला निघाले. आणि मी, शहाणा, म्हणालो, "कमलाकांतराव, आज नको. आज तिचा विसावा. आमच्याकडं बेंदराला, बैलांच्या सणाला, बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तशी आज हिला तार जोडू नये."

कमलाकांतराव थांबले. "पण गंगाधर, उद्या जायचंय."

"जाईल की. विसावा घेतलेला बैल दुप्पट ओढतो."

वहिनींनाही ते पटलं. पुजलेल्या वस्तूला त्याच दिवशी कामाला जुंपायचं म्हणजे काहीतरीच. कमलाकांतरावांनी तार गुंडाळून ठेवली. संध्याकाळी वाडीत सगळ्यांचे रेडिओ स्वच्छ वाजले आणि लोक म्हणाले, आज सण असल्यासारखं वाटतंय.

दसऱ्याला सकाळी दहाला निघालो. कमलाकांतराव दांड्यापाशी, शेजारी हिरव्या शालूत शकूवहिनी, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. मागच्या फळीवर मी, हातात नळी आणि बॅटरीच्या पाण्याची बाटली. आणि आमच्या मागं मोटार घेऊन वीरेंद्र. त्याने डिकीतून सुंभाची जाड दोरी काढून आम्हाला दाखवली. म्हणाला, "गाठ मारून ठेवलीय भावोजी. वेळेला शोधाशोध नको."

जाताना गाडी अशी गेली की बघत राहावं. ऑपेरा हाउस, लॅमिंग्टन रोड, सात रस्ता, महालक्ष्मीचा पूल, वरळी नाका. पुलावर जरा कण्हली, पण चढली. देवळात गर्दी नव्हती. दर्शन झालं, नारळ फोडला. बाहेर येऊन कमलाकांतरावांनी गाडीच्या पुढच्या चाकालाही प्रसाद दाखवला. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "किती आहे?"

मी नळी लावली. परत लावली. नळी काही खोटं बोलत नाही, हीच तिची वाईट सवय.

"तीन मैल," मी म्हणालो.

"आणि घर?"

"पाच."

वहिनी गाडीत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. अगदी मऊ आवाजात त्यांनी मला विचारलं, "गंगाधरभाऊ, बेंदराला तुमच्याकडं बैलाला विसावा देतात ना?"

"देतात वहिनी."

"आणि उपाशी ठेवतात?"

मी चपलेकडं बघायला लागलो. "नाही वहिनी. पुरणपोळी घालतात."

"मग?"

वीरेंद्र मोटारीच्या बॉनेटवर बसून हसत होता. त्याने दोरीचं एक टोक हातात घेतलं होतं. कमलाकांतरावांचा चेहरा मात्र मला बघवेना. पंचवीस वर्षांची पेन्सिल त्या चेहऱ्यावर मोडलेली दिसत होती. चार्जिंगची पेटी घरी, आणि ती काही डब्यात घालून आणता येत नाही. वीरेंद्र बरोबर बोलला होता.

तेव्हा मला मिलमधली एक गोष्ट आठवली. आमचे जुने ट्रॉलीवाले गाडी दमली की तिला गोदामाच्या सावलीत अर्धा-पाऊण तास नुसती उभी करायचे. उभ्या उभ्या बॅटरी जराशी सावरते. फार नाही, पण आणखी एक खेप होते. मी सांगितलं, "एकदम पाच मैल नाही जायची. पण थोडं चालवायचं, मग उभं करायचं, पुन्हा थोडं चालवायचं. रवंथ करू द्यायचा तिला."

"उभं करायचं म्हणजे रस्त्यात?" कमलाकांतराव म्हणाले. "उन्हात? पुन्हा?"

वहिनींनी मांडीवरच्या पिशवीकडं बघितलं.

"आज दसरा," त्या म्हणाल्या. "सोनं द्यायला चार घरी जायचंच असतं. चला."

पहिला मुक्काम पडला वरळी नाक्यावर, आणि तोही जिथं तो घोडा बसला होता तिथंच, पानवाल्याच्या समोर. गाडी हळूहळू मंदावली आणि उभी राहिली. कमलाकांतराव काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "इथंच. कोपराही तोच." पण या खेपेला उन्हात उभं राहावं लागलं नाही, कारण पलीकडंच बीडीडी चाळीत लवू राहायचा, बॅटरीखोलीतला माझा जोडीदार, मालवणकडचा. त्याने गाडी ओळखली. अष्टमीला सभेची दवंडी द्यायला तोही कर्ण्याबरोबर फिरला होता.

"येवा, येवा," तो म्हणाला. "समितीची गाडी आमच्या दारात इली. आता मुंबय आमचीच."

वहिनी गिरगावच्या मोठ्या घरातल्या. चाळीच्या एका खोलीत पाटावर बसायला त्यांना अवघडल्यासारखं होईल असं मला वाटलं. पण लवूच्या बायकोने, सुभद्राने, काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे पुढं ठेवले आणि दहा मिनिटांत दोघी वाटणात खोबरं भाजावं की कच्चं घालावं यावर भांडत होत्या. वीरेंद्र खाली मोटारीत बसून होता. लवूने त्याला हाताला धरून वर आणलं. त्याने चार वडे खाल्ले. "मी फक्त थांबलोय," असं तो दर वड्याला म्हणत होता.

पाऊण तासाने मी नळी लावली. "अर्धा मैल वाढला."

महालक्ष्मीच्या पुलापाशी मी खाली उतरून चालायला लागलो, म्हणजे ओझं कमी. कमलाकांतराव वहिनींना म्हणाले, "तू जरा..."

"मी बसणार," वहिनी म्हणाल्या. "गाडी माझ्यासाठी घेतलीत ना? मग मी बसणार."

गाडी पूल चढली. कशी चढली ते विचारू नका. मला तर वाटतं, कमलाकांतराव श्वास आत घेऊन तिला वर ओढत होते. मागून वीरेंद्रची मोटार मात्र गोगलगायीच्या चालीने चढता चढता तापली आणि पुलाच्या माथ्यावर वाफ सोडत उभी राहिली. त्याला पाणी हवं होतं. माझ्या बाटलीतलं मागितलं, मी दिलं नाही. बॅटरीचं पाणी ते. मग तो डबा घेऊन पुलाखालच्या नळावर गेला.

दुसऱ्या मुक्कामाचं ठरलं होतं सात रस्त्यापलीकडं, वहिनींच्या एका मैत्रिणीकडं. पण सात रस्त्यापाशीच गाडी मंदावायला लागली आणि शेवटी एका जुन्या दुमजली घरासमोर, बरोबर दरवाजासमोर, थांबली. कमलाकांतरावांनी वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

वरच्या सज्जात बनियन घातलेले एक गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. हेच शरच्चंद्र. नऊ वर्षं न बोललेले.

मग वरून आवाज आला.

"कमल्या, घोडा कुठाय?"

कमलाकांतरावांनी बाकाखालच्या पेटीकडं बोट दाखवलं. "आत आहे."

"बसलाय वाटतं?"

"बसलाय."

"घराण्यातले मेले सगळे घोडे इथंच बसायला येतात," शरच्चंद्र म्हणाले. "वर ये. वहिनींनाही आण."

वर गेल्यावर दोघा भावांनी एकमेकांच्या हातात सोनं ठेवलं आणि लगेच भांडायला सुरुवात केली. आजोबांची व्हिक्टोरिया हिरवी होती की काळी, यावरून. तासभर भांडले. नऊ वर्षांचं साठलं होतं, वेळ लागणारच. निघताना शरच्चंद्र आतून कपड्यात गुंडाळलेला पितळी दिवा घेऊन आले.

"गाडीला दिवा नाही तुझ्या. हा लाव."

"दुसरा?" कमलाकांतरावांनी विचारलं.

"दुसरा पुढच्या दसऱ्याला. नाहीतर येणार नाहीस तू."

त्यानंतर लॅमिंग्टन रोडला वहिनींच्या ललितामावशींकडं चांगले दोन तास थांबलो. तिथं प्रभूंचं खास भाजलेलं भानोलं खाऊन झालं, कॉफी झाली, वीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नातल्या मानपानाची चौकशी झाली. वीरेंद्र आता मोटारीत थांबायचं नावच घेत नव्हता. तो आमच्या आधी जिना चढायचा. पोटावर हात ठेवून मला म्हणाला, "गंगाधर, पुढं आणखी कुणी नातेवाईक आहेत का?" त्याला दोरीची आठवण राहिली नव्हती. पण उजेड उतरायला लागला होता, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. कमलाकांतराव पुन्हा पुन्हा आकाशाकडं बघत होते. त्यांनी घंटी वाजवायला सुरुवात केली होती. संकोच गेला होता.

ऑपेरा हाउस ओलांडलं. गिरगावात शिरलो. रस्त्यावरची माणसं एकमेकांना सोनं देत होती, आणि गाडी दिसली की गाडीलाही देत होती. छपरावर, बाकावर, माझ्या टोपीवर आपट्याची पानं. पोफळवाडीचा दरवाजा दिसला. वाडीतले लोक गॅलऱ्यांत जमलेले. रेडिओ सगळ्यांचे बंद.

आणि दरवाजापासून वीस पावलांवर गाडी थांबली.

कमलाकांतरावांनी दांडा पुढं ढकलला, मागं ओढला. काही नाही. मी नळी काढलीच नाही, काढून काय बघायचं होतं. मी खाली उतरलो. गाडी तसूभर सरकली आणि पुन्हा थांबली. वाडीतली चार पोरं धक्का मारायला धावली तर कमलाकांतरावांनी हात वर केला. "नको. धक्का नाही. ठरलंय तसं." आवाज अगदी साधा होता. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

इथं आता कुणाच्या घरी थांबणार? सगळं समोरच होतं. उभं राहायचं म्हटलं तर पाऊण तास, आणि तोवर दिवे लागले असते.

शकूवहिनी क्षणभर बसून राहिल्या. मग शालू सावरला आणि गाडीतून खाली उतरल्या.

"अगं, तू कशाला?" कमलाकांतराव म्हणाले.

"पाय अवघडले माझे," वहिनी म्हणाल्या. "पाय अवघडले तर उतरू नये असं मी म्हटलं होतं का? दोरी नाही म्हटलं होतं, धक्का नाही म्हटलं होतं. चालवा तुम्ही. मी आपली चालते बाजूनं."

कमलाकांतरावांनी दांडा हळूच पुढं केला. गाडी कण्हली आणि हलली. एकेक पाऊल, बैल गोठ्याकडं जातो तशी. तिच्या बाजूनं, एक हात छपराच्या खांबावर नुसता टेकवून, शकूवहिनी चालत होत्या. धक्का नाही हं, मी बारकाईने बघत होतो. नुसता हात टेकवलेला. आणि सायकलच्या घंटीऐवजी त्यांचं चालूच, "बाजूला व्हा हो, बाजूला व्हा." दरवाजातून गाडी आत शिरली आणि आपल्या रोजच्या जागी, कडुलिंबाखाली, जाऊन उभी राहिली.

त्या वीस पावलांत अंधार तर पडलाच होता. मी वर बघितलं. आजूबाजूच्या घरांत दिवे लागलेले, पण धैर्यवानांच्या खिडकीत काळोख. त्यांची मुलगी नलू गॅलरीत काडेपेटी हातात धरून उभी होती.

"नलू, दिवा नाही लावला अजून?" मी विचारलं.

"आईने सांगितलं होतं," नलू म्हणाली. "गाडी वाडीत आल्याशिवाय देवापाशी काडी ओढायची नाही, म्हणून. कितीही उशीर झाला तरी."

कमलाकांतरावांनी वहिनींकडं बघितलं. वहिनी पिशवीत उरलेली आपट्याची पानं मोजत होत्या, निदान तसं दाखवत होत्या. "लाव गं आता," त्या वर बघून म्हणाल्या. "दिवेलागण झाली."

वर दिवा लागला. कमलाकांतरावांनी शरच्चंद्राचा पितळी दिवा कपड्यातून सोडवला, गाडीच्या उजव्या खांबाला टांगला आणि डाव्या खांबाकडं बघत राहिले.

एवढ्यात वीरेंद्र मोटार बाहेर लावून आत आला. दोरी खांद्यावर तशीच, एकदाही न वापरलेली. पट्टा दोन भोकं सैल केलेला. हरल्याची खंत पोटात होती की भानोलं, ते कळायला मार्ग नव्हता. पण गप्प बसेल तर तो वीरेंद्र कसला. त्याने घड्याळ बघितलं आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "भावोजी, सकाळी दहाला निघालात, आत्ता पोचलात. एवढ्या वेळात मी माझ्या मोटारीतून पुण्याला गेलो असतो, माहितीये?"

गॅलऱ्यांत हशा झाला. कमलाकांतरावांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, आता चष्मा पुसणार. पण त्यांनी त्या पितळी दिव्यावरची धूळ पुसली, वहिनींच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि जिन्याची पहिली पायरी चढता चढता म्हणाले, "गेला असतास रे, नक्की गेला असतास. पण मग तू आत्ता पुण्यात असतास, वीरेंद्र. आम्ही घरी आहोत."